बॅकअप आहे, पण किल्ली कोणाकडे?

जालन्याच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानासमोर थोडा वेळ थांबलं की एकच मागणी वेगवेगळ्या तोंडांतून ऐकू येते : फोन गेला तर जाऊ द्या, आतलं तेवढं काढून द्या. कोणाचा डिस्प्ले फुटलेला असतो, कोणाच्या फोनमध्ये पाणी शिरलेलं असतं, कोणाचा बोर्डच गेलेला असतो. नव्या फोनच्या खर्चाची चिंता असतेच, पण धास्ती असते ती आतल्या फोटोंची, नंबरांची, रेकॉर्डिंगची. दुकानदार दोन गोष्टी विचारतो : बॅकअप घेतला होता का, आणि जीमेलचा पासवर्ड काय आहे. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘माहीत नाही’ असं येतं. दुसऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं : फोन घेतला तेव्हा दुकानात कोणीतरी टाकून दिला होता.

स्मार्टफोनमधला डाटा जपण्याची साधनं गेल्या दहा वर्षांत खूप सुधारली. बरीचशी फुकट मिळतात, फोनमध्ये आधीपासूनच असतात, काही तर आपोआप चालतात. तरीही लोकांचा डाटा रोज उडतो आहे. दोष लोकांच्या आळसावर टाकून हा प्रश्न सुटत नाही. ही साधनं ज्या घरांसाठी बनली त्या घरांत वायफाय असतं, प्रत्येकाचा स्वतःचा फोन असतो, स्वतःचं खातं असतं आणि त्याचा पासवर्ड लक्षात असतो. जालना जिल्ह्यातली बरीच घरं अशी नाहीत. त्यामुळे इथे साठवायच्या जागेपेक्षा खात्यावर जास्त घोडं अडतं. बॅकअप कुठेतरी असतो, पण तो उघडायची किल्ली घरात कोणाकडेच नसते.

फोनमध्ये असतं तरी काय?

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झालं आणि दोन-तीन वर्षांत गावोगावी स्मार्टफोन पोचला. त्याआधी साध्या फोनमध्ये जपण्यासारखं म्हणजे सिमकार्डावरचे दोन-अडीचशे नंबर. ते गेले तर घरातल्या डायरीवरून पुन्हा टाकता येत. आजच्या फोनमध्ये घरचा व्यवहारच येऊन बसला आहे.

अंबड किंवा घनसावंगी तालुक्यातल्या मोसंबी बागायतदाराचा फोन पाहा. गॅलरीत औषध दुकानाच्या बिलांचे फोटो, बँक पासबुकाचं पहिलं पान, मोजणीचा नकाशा, गळ झालेल्या फळांचे फोटो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये व्यापाऱ्याशी ठरलेला सौदा आणि त्याचा व्हॉइस मेसेज. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून पिकाची नोंदही शेतकरी स्वतःच्या फोनवरून करू लागला. भोकरदन-जाफ्राबाद पट्ट्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन घेणाऱ्यांना कंपनीच्या सूचना, परागीकरणाच्या नोंदी, बियाण्याच्या वजनाचे आकडे फोनवरच येतात. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारासाठी तर घर म्हणजेच फोन.

सगळ्यात नाजूक स्थिती ऊसतोड कामगाराची. दिवाळीच्या सुमारास मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून टोळ्या निघतात आणि पुढचे काही महिने फडातच राहतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, मोळ्यांची वजनं, कापलेले खाडे, मधल्या काळात मिळालेला खर्च, या सगळ्याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. कामगाराकडे असतो त्या वहीच्या पानाचा फोटो आणि एखादं बोलण्याचं रेकॉर्डिंग. हंगाम संपल्यावर वाद झाला तर त्याच्या हातात तेवढाच पुरावा. तो फोन फडात पडला, ट्रॉलीखाली आला, पावसात भिजला तर पुरावाही गेला. शहरी माणसाने फोटो गमावले तर आठवणी जातात. या माणसाचे पैसे जातात.

डाटा जातो कसा, आणि दुकानदार तो का काढू शकत नाही

फोन चोरीला जातो, हरवतो, पडतो, भिजतो, जुना होऊन बंद पडतो. ‘स्टोरेज फुल’ आलं म्हणून घाईघाईत काहीतरी डिलीट केलं जातं. मुलाने पॅटर्न चुकीचा टाकत राहिल्याने फोन लॉक होतो आणि तो फॉरमॅट करावा लागतो. अलीकडे आणखी एक कारण वाढलं आहे : वाहतुकीचा दंड, लग्नपत्रिका किंवा सरकारी योजनेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके फायली. त्या उघडल्या की फोन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतो. पैसे गेले तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करायची असते, पण फोन स्वच्छ करायचा तर शेवटी पूर्ण रिसेटच करावा लागतो. बॅकअप नसेल तर माणूस रिसेट टाळतो आणि धोका तसाच खिशात घेऊन फिरतो.

दुकानदाराकडे जादू असते, हा समज आता जुना झाला. पूर्वी बंद पडलेल्या फोनमधली मेमरी चिप काढून ती दुसऱ्या यंत्रावर वाचता येत असे. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमध्ये आतला डाटा कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड, असणं सक्तीचं झालं. त्या कुलपाची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरशी बांधलेली असते आणि आपल्या पिन किंवा पॅटर्नशिवाय ती फिरत नाही. म्हणून बोर्ड जिवंत करता आला तर डाटा मिळतो, नाही तर सुटी चिप हाती येऊनही उपयोग नसतो. डिलीट झालेल्या फायलींचं तेच. रिकामी झालेली जागा फोन स्वतःच पुसून टाकतो. ‘उडालेले फोटो परत आणा’ म्हणणारी बहुतेक अ‍ॅप्स फोनमध्ये कुठेतरी उरलेली छोटी चित्रं दाखवतात आणि बदल्यात आपल्या गॅलरीची परवानगी घेऊन बसतात. सुरक्षेसाठी केलेली ही व्यवस्था योग्यच आहे. चोराला आपला डाटा वाचता येऊ नये, ही गरज खरी आहे. पण त्यामुळे नंतर काढून घेऊ हा रस्ता बंद झाला आहे. जे करायचं ते फोन चालू असतानाच.

आपोआप बॅकअपच्या अटी

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये गुगल या नावाखाली बॅकअपचा पर्याय असतो. तो चालू असेल तर कॉलची यादी, एसएमएस, फोनच्या सेटिंग आणि अ‍ॅप्सचा काही डाटा गुगल खात्यात जातो. गुगल खात्यात सेव्ह केलेले नंबर वेगळे सिंक होतात. प्रत्येक अ‍ॅपला मिळणारी जागा २५ एमबीपर्यंतच असते आणि कोणता डाटा पाठवायचा हे अ‍ॅप बनवणाराच ठरवतो. त्यामुळे सगळी अ‍ॅप्स होती तशी परत येतील, ही अपेक्षा ठेवू नये.

खरी अडचण वेळेची आहे. हा बॅकअप साधारणपणे फोन चार्जिंगला असताना, वायफायवर असताना आणि दोन तास हात न लावता ठेवलेला असताना चालतो. ज्या घरात वायफायच नाही तिथे ही अट पूर्ण होत नाही. सेटिंगमध्ये ‘ऑन’ दिसतं, माणूस निश्चिंत राहतो आणि शेवटच्या बॅकअपची तारीख कित्येक महिन्यांपूर्वीची असते. म्हणून बटण चालू आहे की नाही यापेक्षा त्याखालची तारीख बघायला शिकलं पाहिजे. मोबाइल डेटावर बॅकअप घेण्याची परवानगी तिथेच देता येते. नंबर, एसएमएस आणि कॉलची यादी यांना डेटा फार लागत नाही, म्हणून ही परवानगी द्यायला हरकत नाही. फोन सलग ५७ दिवस वापरात नसेल तर हा बॅकअप पुसला जाऊ शकतो, हेही ठाऊक असावं. बंद पडलेला फोन ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून कपाटात टाकणाऱ्यांचं तिथेच नुकसान होतं.

आयफोनमध्ये हेच काम आयक्लाउड करतं. तिथे फुकट जागा ५ जीबी मिळते आणि ती पहिल्या काही महिन्यांतच भरते. संगणक असेल तर केबल जोडून पासवर्ड लावलेला पूर्ण बॅकअप फुकट घेता येतो. तो अधिक परिपूर्णही असतो.

फोटोंचं गणित

गुगल खात्यासोबत १५ जीबी जागा फुकट मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटलेली असते. १ जून २०२१ पर्यंत थोड्या कमी दर्जाचे फोटो या हिशेबात धरले जात नव्हते. त्या दिवसापासून धरले जातात. घराघरांत अचानक जागा भरल्याचे निरोप येऊ लागले ते त्यानंतर.

आता पाठवण्याचा हिशेब करू. गॅलरीत ४० जीबी फोटो-व्हिडिओ आहेत आणि पॅक रोज दीड जीबीचा आहे. दुसरं काहीही न बघता सगळा डेटा बॅकअपवरच घालवला तरी २७ दिवस लागतात. हे कोणी करणार नाही आणि करायची गरजही नाही. एक काम मात्र प्रत्येकाला जमतं : कामाचे फोटो वेगळे काढणं. कागदपत्रं, पावत्या, वहीची पानं, पिकाच्या नुकसानीचे फोटो, घरातल्या माणसांचे निवडक फोटो एका अल्बममध्ये घातले तर ते एखाद-दोन जीबीच्या वर सहसा जात नाहीत. सकाळच्या शुभेच्छांची चित्रं आणि दहा-दहा वेळा फिरून आलेले व्हिडिओ काढून टाकले की निम्मा भार तिथेच उतरतो.

दोन सावधगिरी इथे सांगायलाच हव्यात. पहिली, गुगल फोटो ही निव्वळ तिजोरी नाही. त्या अ‍ॅपमध्ये फोटो डिलीट केला की तो फोनमधून आणि खात्यातून, दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, मग कायमचा संपतो. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्यासाठी वेगळा पर्याय आहे आणि तोच वापरावा. दुसरी सावधगिरी शेतकऱ्यांसाठी. फोनने काढलेल्या मूळ फोटोत तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही नोंदलेली असते. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की दर्जा उतरतो आणि ही नोंद निघून जाते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातल्या लोकांनी वाहून गेलेल्या पिकांचे आणि खरवडलेल्या जमिनींचे फोटो काढले. ते ग्रुपवर टाकून फोनमधला मूळ फोटो पुसला असेल तर पुरावा कमकुवत झाला. मूळ फाइल ठेवावी आणि पाठवायची झाल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

व्हॉट्सअ‍ॅप : सगळ्यात जवळचं, सगळ्यात गैरसमजाचं

व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश कंपनीकडे साठून राहतात आणि नव्या फोनवर आपोआप येतात, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. रोज पहाटे दोनच्या सुमारास अ‍ॅप फोनमध्येच एक प्रत बनवतं आणि अशा काही दिवसांच्या प्रती फोनमध्ये राहतात. पण फोनच गेला तर त्याही गेल्या. म्हणून चॅट बॅकअपमध्ये जाऊन गुगल खातं जोडावं लागतं. आयफोनवर हेच आयक्लाउडला जातं. अँड्रॉइडवरचा हा बॅकअप २०१८ पासून काही वर्षं गुगलच्या १५ जीबीत धरला जात नव्हता. २०२४ पासून धरला जातो. व्हिडिओ वगळले तर तो बराच आटोपशीर होतो. व्हॉइस मेसेज मात्र त्यात येतात आणि ज्यांचा सौदा बोलण्यावर ठरतो त्यांच्यासाठी तेच महत्त्वाचे.

परत आणताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात : तोच मोबाइल नंबर, तेच गुगल खातं आणि अ‍ॅप नव्याने टाकताना योग्य वेळी दाबलेलं ‘रिस्टोअर’. अ‍ॅप टाकलं, नंबर पडताळला की लगेच बॅकअप सापडल्याचा पडदा येतो. घाईत तो वगळला तर पुढे सगळं रिकामं दिसतं. तेव्हा घाबरून नवा बॅकअप घेऊ नये, कारण जुन्यावर नवा रिकामा बसतो. अ‍ॅप काढून पुन्हा टाकावं आणि तोच पडदा पुन्हा गाठावा. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा आकडी पिन विसरला आणि त्यात ईमेल जोडलेला नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. ऑक्टोबर २०२१ पासून बॅकअपला स्वतःचा पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली लावता येते. ती लावली तर गुगललाही आतलं वाचता येत नाही, पण पासवर्ड विसरला तर कोणीही उघडून देऊ शकत नाही. कागदावर लिहून ठेवणार असाल तरच ती लावा.

जुना फोन चालू असेल तर सगळ्यात सोपा मार्ग वेगळाच आहे. २०२३ पासून दोन फोन शेजारी ठेवून क्यूआर कोड स्कॅन केला की चॅट थेट नव्या फोनवर जातात. त्याला इंटरनेटचा पॅक लागत नाही आणि गुगलची जागाही लागत नाही.

जे परत मागवता येतं, ते वेगळं ठेवा

प्रत्येक गोष्टीची प्रत आपणच जपायला हवी असं नाही. आधार, पॅन, वाहन परवाना, गुणपत्रिका डिजीलॉकरवर पुन्हा मिळतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या सेवेतली, संबंधित खात्याने थेट दिलेली कागदपत्रं कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीची मानली जातात. डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ महाभूमीच्या संकेतस्थळावरून केव्हाही काढता येतो. ई-पीक पाहणीची नोंद सर्व्हरवर चढली असेल तर फोन गेल्याने ती जात नाही. नेट नव्हतं म्हणून फोनमध्येच अडकून राहिली असेल तर मात्र जाते, म्हणून रस्त्यावर रेंज मिळताच ती अपलोड करून टाकावी.

फोनपे, गुगल पे यांसारख्या यूपीआय अ‍ॅप्सचा बॅकअप घ्यायचाच नसतो. बँकेतले पैसे फोनमध्ये नसतात. नव्या फोनवर त्याच सिमवरून एसएमएस जाऊन पडताळणी होते, मग खातं पुन्हा जोडलं जातं. फक्त एक लक्षात ठेवावं : सिम बदलून घेतल्यावर फसवणूक टाळण्यासाठी पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. त्या दिवसाचा व्यवहार रोखीने करण्याची तयारी ठेवावी.

म्हणजे जपायचं ते एवढंच : जे आपण स्वतः निर्माण केलं आणि जे दुसऱ्या कोणाकडे नाही. फोटो, रेकॉर्डिंग, संदेश, नंबर, हिशेब.

किल्लीचे तीन भाग

पहिला भाग गुगल खातं. दुकानात घाईने बनवलेलं, कोणाच्या तरी नावाचं, पासवर्ड कोणालाच ठाऊक नसलेलं खातं घराघरांत आहे. नवा फोन घेतला की दुकानदार पुन्हा नवं खातं बनवतो आणि आधीचा बॅकअप जुन्या खात्यात अनाथ पडून राहतो. दोन वर्षं कोणी न उघडलेलं खातं गुगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू शकतं. आणखी एक फटका असतो. २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये अशी सोय आहे की लॉक विसरल्यामुळे फोन बाहेरून फॉरमॅट केला तर तो आधीचंच खातं मागतो. ते आठवलं नाही तर चांगला चालता फोनही उघडत नाही.

दुसरा भाग मोबाइल नंबर. खात्याचा पासवर्ड विसरला तर कोड याच नंबरवर येतो. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीपासून बँकेपर्यंत सगळे ओटीपी यावरच. खूप दिवस रिचार्ज न केलेला प्रीपेड नंबर बंद होतो आणि काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. रिचार्जची ऑफर बघून सिम बदलत राहणाऱ्यांच्या खात्यांना जुनेच नंबर जोडलेले राहतात.

तिसरा भाग जुन्या फोनचा लॉक. गुगलच्या बॅकअपमधला काही डाटा त्या फोनच्या पिन किंवा पॅटर्ननेच कुलूपबंद असतो. नव्या फोनवर रिस्टोअर करताना तो विचारला जातो.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. खात्याचा ईमेल, पासवर्ड, जोडलेला नंबर आणि गुगलने दिलेले आठ आकडी दहा बॅकअप कोड एका कागदावर लिहून तो रेशनकार्ड आणि जमिनीच्या कागदांसोबत ठेवायचा. पासवर्ड कागदावर लिहू नये हा सल्ला कचेरीतल्या टेबलासाठी ठीक आहे. ज्या घरात चार माणसं एकच फोन वापरतात तिथे कपाटातला कागद हाच सगळ्यात विश्वासाचा मार्ग आहे.

नेटशिवायची प्रत

सगळं क्लाउडवर सोडून चालत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद ठेवलं गेलं होतं. अशा वेळी क्लाउडवरचा कागद असून नसल्यासारखा. मोफत मिळणाऱ्या जागेचंही तसंच. २०२५ मध्ये एअरटेल आणि जिओ यांनी ग्राहकांना गुगलची जादा जागा काही महिन्यांसाठी फुकट देऊ केली. मुदत संपली की एक तर पैसे भरा, नाही तर नवं काही चढत नाही. मर्यादेपलीकडे दोन वर्षं राहिलं तर जुनंही काढून टाकलं जाऊ शकतं.

मोठ्या यंत्रणाही याला अपवाद नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइट साठा गेला. त्याची दुसरी प्रत बाहेर कुठेही नव्हती.

अमेरिकेतले छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी यासाठी रूढ केलेला ३-२-१ हा नियम आता जगभर मानला जातो : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या जागी. जालना जिल्ह्याला ही रीत परकी नाही. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लिहिण्याच्या कामावरच आहे : अक्षर कसं असावं, शाई-कागद कसे असावेत. रामदासी मठांत पोथ्यांच्या नकला होत राहिल्या आणि त्या वेगवेगळ्या गावी राहिल्या. पुढे धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापली आणि गावोगावच्या मठांतून ही बाडं मिळवून जतन केली. एखादा मठ ओस पडला, एखादी पोथी वाळवीने खाल्ली, तरी वाङ्मय टिकलं. एकाहून अधिक जागी असलेल्या प्रतींनी ते टिकवलं.

आपल्या फोनसाठी याचा अर्थ असा : एक प्रत फोनमध्ये, एक गुगल खात्यात आणि एक ओटीजी पेन ड्राइव्हवर. सी-टाइप तोंडाचा पेन ड्राइव्ह थेट फोनला लागतो आणि फाइल्स अ‍ॅपमधून कामाचा अल्बम त्यावर उतरवता येतो. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, हे लांबलचक लग्नाच्या व्हिडिओच्या वेळी आठवावं. अफाट क्षमता लिहिलेली स्वस्त मेमरी कार्डं बहुधा खोटी असतात. फायली चढल्यासारख्या दिसतात, उघडत नाहीत. आणि पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं वीज न लागता, उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याच्या खोलीत पडून राहिला तर त्यावरचा डाटाही झिजतो. वर्षातून एकदा तो लावून बघावा. ३१ मार्च हा २०११ पासून जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. मार्चअखेर बँकेची कामं काढतोच, त्यात हे एक घालावं.

परत आणण्याचा दिवस

फोन हरवला तर क्रम महत्त्वाचा. आधी दुसऱ्या फोनवरून गुगलच्या ‘फाइंड हब’मध्ये जाऊन फोन कुठे आहे ते पाहावं आणि लॉक करावा. बॅकअप आहे याची खात्री असेल तरच दूरवरून पुसण्याचा निर्णय घ्यावा. मग त्याच नंबरचं नवं सिम, पोलिसांत तक्रार आणि संचार साथी पोर्टलवरून आयएमईआय बंद करणं. २०२३ मध्ये हे पोर्टल सर्वांसाठी खुलं झालं. आयएमईआय क्रमांक *#०६# दाबून आजच बघून त्याच कागदावर लिहून ठेवावा.

नवा फोन हाती आला की सुरुवातीच्या सेटिंगमध्येच ‘जुन्या फोनमधून आणा’ असं विचारलं जातं. तिथे ‘नंतर’ म्हणू नये आणि दुकानदाराला नवं खातं बनवू देऊ नये. जुना सेकंड हँड फोन घेतला असेल तर एक अडचण येते : नव्या अँड्रॉइडचा बॅकअप त्याहून जुन्या अँड्रॉइडवर उतरत नाही. नंबर आणि फोटो मात्र खात्यात लॉगिन केल्यावर येतात.

दुरुस्तीला फोन देताना लॉक सांगावा लागतो आणि घरातल्या बायका-मुलींचे फोटो परक्या हातात जातात, ही चिंता रास्त आहे. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये मेंटेनन्स मोड आहे. तो लावला की दुरुस्ती करणाऱ्याला आपला डाटा दिसत नाही. नसेल तर बॅकअप घेऊन, फोन रिसेट करून द्यावा. बॅकअपचा हाही एक उपयोग आहे.

माणूस गेल्यावर

करोनाच्या काळात अनेक घरांत माणूस गेला आणि त्याचा फोन बंद कुलपासारखा मागे राहिला. आतले आवाज, फोटो, कोणाला किती दिले-घेतले याच्या नोंदी तिथेच अडकल्या. गुगल खात्यात निष्क्रिय खात्याची व्यवस्था करण्याची सोय २०१३ पासून आहे. ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही तर निवडलेल्या नातेवाइकांना त्यातला डाटा मिळतो. आयफोनवर अशीच वारसाची सोय २०२१ पासून आहे. जमिनीला वारस लावतो, बँकेत नॉमिनी लावतो, तसं हे पाच मिनिटांचं काम घरातल्या कर्त्याने करून ठेवावं.

जिल्ह्याने काय करावं

वरचं सगळं एकट्याने करायला सांगणं अन्यायाचं आहे. शासनाने शेतकऱ्याला पीक नोंद फोनवर करायला सांगितली, योजनांची पडताळणी ओटीपीवर आणली, कागद डिजिटल केले. मग त्या फोनची जपणूक शिकवणं हाही सार्वजनिक कामाचाच भाग ठरतो. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत जिथे ब्रॉडबँड जोडणी आहे, तिथे महिन्यातून एक दुपार बॅकअपसाठी ठेवता येईल : लोकांनी चार्जर घेऊन यावं, वायफायवर प्रत चढवावी आणि जाताना शेवटच्या बॅकअपची तारीख बघून जावं. नववी-दहावीची मुलं हे काम उत्तम करू शकतात आणि घरच्या माणसांचं खातं त्यांच्यासमोरच सोडवता येतं. खरपुडी आणि बदनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रांच्या प्रशिक्षणांत, बचत गटांच्या बैठकीत याला अर्धा तास मिळावा. मोबाइल विक्रेत्यांनी खातं बनवून देताना ते ग्राहकाच्या नावाने बनवावं आणि ईमेल-पासवर्ड कागदावर लिहून बिलासोबत द्यावा. एवढ्या एका सवयीने जिल्ह्यातला निम्मा प्रश्न सुटेल, असं मला ठामपणे वाटतं.

आणि सुरुवात ऊसतोडीच्या टोळ्यांपासून व्हावी. टोळी गाव सोडण्याआधी प्रत्येकाचं खातं त्याच्या नावावर आहे, पासवर्डचा कागद घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे आहे, वहीच्या पानाचा फोटो खात्यात चढला आहे आणि तो दुसऱ्या फोनवर उघडून पाहिला आहे, एवढं गावाने करावं. खर्च काहीच नाही. हंगामाच्या शेवटी हिशेबाला बसताना त्या कामगाराच्या बाजूने बोलणारा तेवढा एकच कागद असतो, म्हणून हे काम दिवाळीआधी झालं पाहिजे.